बांबूच्या पट्टीतून हलकी रचना : षट्कोनी विणीचा नेमका क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

बांबूची विणलेली वस्तू बिघडते तेव्हा दोष विणीवर ढकलला जातो. जाळी ढिली पडली, कोपरा फुगला, काठ वाकडा झाला, की लोक पुन्हा पहिल्यापासून विणायला बसतात आणि दुसऱ्यांदाही तेच होतं. कारण चूक बहुतेक वेळा विणायला बसण्याच्या दोन आठवडे आधी झालेली असते: ओल्या पट्ट्या, कमीजास्त जाडी, किंवा कागदावर न केलेली मोजणी. म्हणून या लेखाचा जवळजवळ निम्मा भाग तयारीवर आहे. विणकामाकडे उडी मारायचा मोह टाळा.

उदाहरण म्हणून एकच वस्तू शेवटपर्यंत नेऊ: सपाट बूड आणि उभी भिंत असलेली षट्कोनी जाळीची दंडगोल टोपली. ती उलटी टांगली की दिव्याची जाळी होते, सुलटी ठेवली की हलकी साठवण. व्यास साधारण साडेसतरा सेंटिमीटर, उंची सोळा. हीच रीत पुढे मंडपाएवढ्या घुमटापर्यंत कशी ताणायची आणि तिथे काय बदलतं, ते शेवटी आहे.

## १. वीण आधी ठरवा, कारण पट्टी तिच्यावरून ठरते

साधी वीण, म्हणजे एक वर एक खाली, ही चटईला आणि भरीव पृष्ठभागाला चांगली. दोन वर दोन खाली घेतली की तिरपी रेघ उमटते, पट्ट्या जास्त जवळ बसतात आणि कापड अधिक दाट होतं. पण या दोन्ही विणींमध्ये पट्ट्या दोनच दिशांना जातात. अशा जाळीचे दोन समोरासमोरचे कोपरे धरून ओढा, चौकोनाचा समभुज तिरपा चौकोन होतो. आकार धरून ठेवायला वेगळी चौकट लागते आणि चौकट आली की वजन आलं.

षट्कोनी विणीत पट्ट्या तीन दिशांना, एकमेकींशी ६० अंशांत जातात. प्रत्येक षट्कोनाभोवती त्रिकोण तयार होतात आणि त्रिकोण ओढला तरी तिरपा होत नाही. शिवाय पट्ट्या एकमेकींना अडकवून ठेवतात, त्यामुळे मोठी भोकं ठेवूनही जाळी सरकत नाही. कमी मालात ताठपणा हवा असेल तर माझी निवड ठरलेली आहे: हीच वीण. दाट पृष्ठभाग हवा असेल, धान्यासारखं बारीक काही ठेवायचं असेल, तर मात्र ती घेऊ नका.

## २. कागदावरची मोजणी

इथे अर्धा तास द्या. तीन आकडे लागतात: पट्टीची रुंदी, एकाच दिशेच्या दोन शेजारी पट्ट्यांमधलं मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर, आणि बुडाच्या एका बाजूला किती षट्कोनी घरं.

रुंदी आणि अंतर यांचा संबंध मनावर घ्या. अंतर रुंदीच्या बरोबर तिप्पट ठेवलं तर त्रिकोणी भोकं पूर्ण मिटतात आणि षट्कोनाची समोरासमोरच्या बाजूंमधली मोकळी जागा रुंदीच्या दुप्पट उरते. याहून जवळ आणायला गेलात तर पट्ट्या एकमेकींवर चढतात आणि जाळी फुगते. तिप्पटीहून थोडं जास्त ठेवलेलं बरं, हात चालायला जागा राहते. आपण ६ मिमी पट्टी आणि २० मिमी अंतर घेऊ. मोकळी जागा १४ मिमी.

आता बूड. बुडाच्या प्रत्येक बाजूला ४ घरं घेतली तर:

- प्रत्येक दिशेला ८ पट्ट्या, म्हणजे तीन दिशांच्या मिळून २४.
- बुडात एकूण ३७ घरं.
- भिंतीच्या पहिल्या ओळीत २४ घरं.
- वर उभी राहणारी टोकं ४८, कारण प्रत्येक पट्टीला दोन टोकं.

एका ओळीतलं एक घर लांबीत अंतराच्या १.१५५ पट जागा घेतं, म्हणजे २३ मिमीच्या जरा वर. २४ घरांचा घेर ५५४ मिमी, व्यास सुमारे १७६ मिमी.

पट्टीची लांबी अशी: बुडाच्या आरपार १७६, भिंत १६० मिमी उंच पण पट्टी तिच्यावर तिरपी चढते, म्हणून प्रत्येक बाजूला १८५, काठासाठी प्रत्येक टोकाला १२० जास्त. बेरीज ७८६ मिमी. तेव्हा ८० सेंमीच्या २४ पट्ट्या. भिंतीचे ८ आडवे वेढे, प्रत्येकी ७० सेंमी. त्यात १२ सेंमीहून अधिक भाग एकावर एक येण्यासाठी आहे. एकूण ३२ पट्ट्या लागतात. ४० बनवा. विणताना पट्टी मोडते तेव्हा त्याच जाडीची, त्याच बांबूतली दुसरी हाताशी असावी लागते. दुसऱ्या दिवशी नव्याने काढलेली पट्टी तशी बसत नाही.

तपासणी: वहीच्या कागदाच्या ६ मिमी पट्ट्या कापून निदान बुडाचा एक कोपरा आणि भिंतीच्या दोन ओळी विणा. सहाव्या टप्प्यातली पंचकोनाची गोष्ट नुसती वाचून बहुतेकांना कळत नाही, कागदावर एकदा केली की कळते.

## ३. बांबू: निवड, फाड, कोरडा करणं

तीन ते पाच वर्षांचा बांबू घ्या. कोवळा सहज फाटतो, हाताला मऊ लागतो, म्हणून नवख्यांना तोच आवडतो. पण तो वाळताना खूप आक्रसतो आणि किडीला लवकर बळी पडतो. पट्टीसाठी लांब पेरांची जात शोधा, कारण गाठीपाशी तंतू वाकडेतिकडे होतात आणि पट्टी तिथेच मोडते. कोरड्या हंगामात तोडलेला बांबू मिळाला तर उत्तम. त्यात पिष्ट कमी असतं आणि भुंगेरा पिष्टासाठीच बांबू पोखरतो.

फाडायचा तो ताजा असताना. वाळलेला फाडता येतो, पण फाट आडवीतिडवी पळते.

नेहमी निम्मे करा. पूर्ण नळीचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. कडेची एक पट्टी काढून घेण्याचा प्रयत्न करू नका. दोन्ही बाजूंना सारखा माल असेल तरच फाट मधून सरळ जाते. कोयता शेंड्याकडच्या टोकाला बसवून सुरुवात करा, पुढे हातानं आणि पात्यानं फाट उघडत न्या.

फाट एका बाजूला सरकायला लागली की पातं जोरात दाबून उपयोग नाही. जी बाजू जाड होत चालली आहे ती जास्त वाकवा. फाट जास्त वाकलेल्या बाजूकडे वळते आणि पुन्हा मध्यावर येते. ही एक गोष्ट हाताला यायला दिवस जातो. तो दिवस द्या, कारण पुढचं सगळं काम तिच्यावर उभं आहे.

नळीच्या भिंतीची जाडी वेगळी करतानाही हेच. बाहेरचा, सालीकडचा थर म्हणजे पाठ. आतला थर म्हणजे पोट. पाठीत तंतू दाट असतात, पोटात विरळ. विणायला पाठीचा आणि तिला लागून असलेला थर घ्या. अगदी आतलं पोट ठिसूळ, ते सरपणात जाऊ द्या.

या टप्प्यावर पट्टी मापापेक्षा जाड आणि रुंद ठेवायची: रुंदी ७ ते ७.५ मिमी, जाडी साधारण १.२ मिमी. शेवटचं माप वाळल्यानंतर.

सावध: ताज्या फाडलेल्या पट्टीची धार सुरीसारखी असते. हातमोजे घाला, आणि पट्टी बोटांमधून ओढताना तिच्या कडांवर बोट फिरवू नका.

### कीडरोधक पाणी

२० लिटर पाण्यात ४०० ग्रॅम बोरिक आम्ल आणि ६०० ग्रॅम टाकणखार. गरम पाण्यात आधी विरघळवून मग बाकीच्या पाण्यात मिसळा, नाहीतर तळाशी खडे राहतात. पातळ पट्ट्या एक दिवस, जाड कामट्या तीन-चार दिवस पूर्ण बुडवून ठेवा. वर तरंगू नयेत म्हणून वजन ठेवा. हे क्षार पाण्यात विरघळणारे आहेत, तेव्हा उघड्या पावसात ते पुन्हा धुऊन जातात. खाद्यपदार्थ थेट ठेवायच्या वस्तूला हे पाणी लावू नका.

### वाळवणं

सावलीत, वारा खेळेल अशा जागी, आडव्या काठीवर पसरून. उन्हात टाकलेल्या पट्ट्या पिळतात आणि चिरतात. हवेप्रमाणे एक ते दोन आठवडे लागतात.

तपासणी: पाच पट्ट्यांची जुडी रोज एकाच वेळी वजन करा. सलग तीन दिवस वजन बदललं नाही म्हणजे पट्टी तुमच्या हवेपुरती वाळली. 'हाताला कोरडी लागते' ही कसोटी फसवी आहे. मी केलेली पहिली मोठी जाळी याच कसोटीवर विणली होती. महिन्याभरात प्रत्येक पट्टी आक्रसली, त्रिकोण उघडले आणि घट्ट बसलेली जाळी हातात खुळखुळायला लागली. तिला दुरुस्ती नव्हती.

## ४. मापाला आणणं

लाकडी ठोकळ्यात दोन पाती ६ मिमी अंतरावर उभी ठोका, मधून पट्टी ओढून घ्या. दोन्ही कडा एकदम तासल्या जातात. जाडीसाठी ठोकळ्यावर एक पातं आडवं, बारीक फटीसह बसवा. पट्टीची पाठ ठोकळ्याकडे, पोट पात्याकडे. तासायचं ते फक्त पोट. पाठ तासली की पट्टीचा सगळा जोर गेला.

एका ओढीत थोडंच काढा, तीन-चार ओढींत ०.६ मिमीवर या. गाठीपाशी पट्टी उचकते. तिथे ओढण्याचा वेग कमी करा, आणि उंचवटा आधीच सुरीनं खरवडून सपाट केलेला असू द्या.

जाडी किती? पट्टी कुठे सर्वांत जास्त वाकणार ते बघा. तिथल्या वळणाची त्रिज्या जाडीच्या निदान १०० पट असेल तर पट्टी ताप न देता सुखानं वाकते, असं धरून सुरुवात करा. ०.६ मिमी जाडीला ६० मिमी त्रिज्या. आपल्या भिंतीची त्रिज्या ८८ मिमी, म्हणजे पुरेशी मोकळीक आहे. याहून तीव्र वळण हवं असेल तर पट्टी पातळ करा किंवा वाफ द्या.

वाकवताना पाठ नेहमी बाहेरच्या अंगाला. ताण दाट तंतूंवर येतो आणि आतलं मऊ पोट दाबलं जातं, म्हणून पट्टी बरीच वाकते. उलटी वाकवली तर पोटाचे विरळ तंतू उघडतात आणि कट्कन आवाज येतो.

तपासणी: प्रत्येक पट्टी दोन्ही टोकं धरून कमान करा. कमान एकसारखी गोल आली पाहिजे. कुठे कोन पडत असेल तर तिथे पट्टी पातळ आहे. ती वेढ्याला नको, बाजूला काढा. कुठे सपाट राहत असेल तर तिथे जाड आहे, पुन्हा ओढा. ४० पट्ट्यांना पंधरा मिनिटं लागतात आणि वस्तू गोल होणार की नाही हे इथेच ठरतं.

## ५. बूड विणणं

पट्ट्या दहा-पंधरा मिनिटं पाण्यात घालून पुसून घ्या. भिजवून ठेवू नका, नाहीतर वाळवण्याचं काम फुकट गेलं. प्रत्येक पट्टीचा मध्य पेन्सिलीनं खूण करा. टेबलावर कागद चिकटवून त्यावर २० मिमी अंतराच्या तीन दिशांच्या रेघा आखा.

पाठ टेबलाकडे ठेवा. भिंत वर उचलल्यावर तीच बाहेरची बाजू होणार आहे.

तीन दिशांना १, २, ३ अशी नावं द्या. नियम एकच:

१ ही २ च्या वर, २ ही ३ च्या वर, ३ ही १ च्या वर.

दुसऱ्या दिशेच्या दोन पट्ट्या आधी मांडा, त्यांच्यावर पहिल्या दिशेच्या दोन. मग तिसऱ्या दिशेच्या दोन पट्ट्या ओवा: पहिलीच्या वरून, दुसरीच्या खालून. मधोमध एक षट्कोन आणि त्याभोवती सहा त्रिकोण दिसले पाहिजेत. कोपरे चिमट्यांनी धरून ठेवा. या सहा पट्ट्या अजून एकमेकींना पक्क्या धरत नाहीत.

पुढच्या पट्ट्या एकेक करून, फिरत्या क्रमाने सहाही बाजूंना घाला. एकाच बाजूला चार पट्ट्या वाढवल्या तर मधला षट्कोन त्या बाजूला ओढला जातो. प्रत्येक फेरीनंतर पट्ट्या मध्याकडे सरकवून घट्ट करा.

चूक कशी ओळखायची: कुठल्याही त्रिकोणाकडे बघा. तीनही पट्ट्या एकीवर एक अशा फिरत्या क्रमात असायला हव्यात. एखादी पट्टी दोघींच्याही वर किंवा दोघींच्याही खाली असेल तर ओवण चुकली. लगेच उसवा. दोन फेऱ्या पुढे गेल्यावर ती चूक काढताना चांगल्या पट्ट्याही मोडतात.

२४ पट्ट्या झाल्या की बूड ओलसर कापडाखाली सपाट वजन देऊन तासभर ठेवा.

## ६. कोपरा: सहा पंचकोन

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात.

सपाट जाळीत प्रत्येक घर सहा बाजूंचं. एखादं घर पाच बाजूंचं केलं की तिथे माल कमी पडतो आणि पृष्ठभाग आपोआप वाटीसारखा वळतो. सात बाजूंचं केलं तर माल जास्त होतो, पृष्ठभाग खोगिरासारखा बाहेर उलटतो. वळण देण्यासाठी पट्टी जोरानं वाकवावी लागत नाही. घराच्या बाजू मोजल्या की आकार आपला आपण येतो. या विणीतली मला सर्वांत सुंदर वाटणारी गोष्ट हीच.

सपाट बुडातून सरळ उभी भिंत हवी असेल तर पंचकोन एकूण सहा लागतात, षट्कोनी बुडाच्या सहा कोपऱ्यांवर एकेक. पाचच झाले तर भिंत वर रुंदावत जाते. सात झाले तर आत झुकते. पूर्ण बंद गोल हवा असेल तर बारा. सेपाक तक्रॉ खेळाच्या वेताच्या चेंडूला बारा पंचकोनी भोकं असतात ती याच कारणानं.

कृती अशी. बुडाची सगळी टोकं ओलसर करून हळूच वर उचला. पहिला वेढा, म्हणजे आडवी पट्टी, बुडाच्या एका बाजूच्या मध्यापासून घालायला घ्या. बाजूच्या सरळ भागात नेहमीसारखे षट्कोन होतात. कोपऱ्यावर आलात की वेढ्याची पट्टी सरळ पुढे न जाऊ देता कोपऱ्याभोवती वळवा. सपाट विणीत तिथे दोन वेगळ्या दिशांच्या पट्ट्या आल्या असत्या, आता दोघींचं काम एकच पट्टी करते. म्हणून घराची एक बाजू कमी होते आणि पंचकोन बनतो.

कोपऱ्यावर सवयीनं षट्कोन होऊ देणं ही पहिली चूक. दुसरी चूक त्याहून वाईट: पंचकोन नीट जमत नाही म्हणून तो कोपऱ्यापासून एक घर पुढे सरकवणं. मोजणी सहाच भरते, पण टोपली एका अंगाला कललेली राहते.

तपासणी: वेढा पूर्ण झाला की बोट ठेवून मोजा. एकूण २४ घरं, त्यातली ६ पंचकोनी, दोन पंचकोनांमध्ये प्रत्येक ठिकाणी ३ षट्कोन. आकडा जुळेपर्यंत दुसरा वेढा घालू नका.

## ७. भिंत

आता ४८ टोकांपैकी २४ उजवीकडे झुकलेली आहेत, २४ डावीकडे. प्रत्येक वेढ्यानंतर शेजारची डावी-उजवी टोकं एकमेकींना ओलांडतात, मग पुढचा वेढा ती ओलांडण धरून ठेवतो. एका हाताची टोकं वेढ्याच्या बाहेरून जातात, दुसऱ्या हाताची आतून. कोणती बाहेर हे बुडाच्या विणीवरून ठरतं. पहिल्या त्रिकोणात बघा आणि मग आठही वेढ्यांना तेच ठेवा.

वेढ्याचा जोड टोकं एकावर एक ठेवून, निदान पाच-सहा ओलांडणींमधून दुहेरी ओवून करा. डिंक लागत नाही. प्रत्येक वेढ्याचा जोड आधीच्या जोडापासून साधारण तिसरा भाग घेर पुढे न्या. सगळे जोड एका रेषेत आले तर तिथे उभी जाड शीर दिसते आणि टोपली त्या बाजूला ताठ, बाकी मऊ होते.

वेढा ओढून घट्ट करू नका. घेर ५५४ मिमी ठरलेला आहे. पहिल्या वेढ्यावर खूण करून तीच लांबी पुढच्या सातांना द्या. हातानं अंदाजे ओढलेला वेढा दर फेरीला दोन-तीन मिमी आखूड होतो आणि वर पोचेपर्यंत तोंड आवळलेलं असतं.

## ८. काठ

कडेच्या दोन कामट्या घ्या: १० मिमी रुंद, २.५ ते ३ मिमी जाड, ६५ सेंमी लांब. या जाडीला ८८ मिमी त्रिज्या थंड वाकवता येत नाही. वाफ द्या, गोल साच्यावर बांधा आणि पूर्ण थंड होईपर्यंत सोडू नका. गरम असताना सोडलेली कामटी परत सरळ होते.

सावध: अख्खी नळी आचेवर वाकवत असाल तर आधी प्रत्येक पेराला बारीक भोक पाडा. बंद पेरातली हवा आणि वाफ तापून नळी फुटते.

दोन्ही टोकं ६ ते ८ सेंमी लांब तिरपी तासून एकमेकींवर बसवा. एक कडं आत, एक बाहेर, मध्ये जाळी. दोन्ही कड्यांचे जोड समोरासमोरच्या बाजूंना ठेवा, एकाच जागी नकोत. सालीच्या थराची ३ मिमी रुंद पातळ पट्टी भिजवून प्रत्येक घरातून एक फेरा बांधत जा. घेराच्या तिप्पट-चौपट लांबी लागते. उभी टोकं बांधून झाल्यावर कापा. आधी कापलेली टोकं दाबाखाली खाली निसटतात.

तपासणी: दुसऱ्या दिवशी, सगळं वाळल्यावर, तोंडाचा व्यास तीन ठिकाणी मोजा. फरक ५ मिमीपेक्षा जास्त असेल तर किंचित वाफ देऊन साच्यावर पुन्हा बांधा. बांधणीत फिरणारा एखादा फेरा सापडला तर तेवढाच सोडून घट्ट करा.

दिव्यासाठी वापरणार असाल तर फक्त एलईडी, आणि दिवा जाळीला टेकता कामा नये. बांबू जळतो. वायर आणि होल्डरचं वजन जाळीवर टांगू नका; बुडाच्या आतून एक पातळ लाकडी चकती लावून भार अनेक पट्ट्यांवर वाटा.

## ९. हेच मोठं करायचं असेल तर

दहापट व्यास म्हणजे दहापट रुंद पट्टी, असं गणित बसत नाही. पट्टीचा ताठपणा तिच्या जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो: जाडी दुप्पट केली की वाकण्याला विरोध आठपट. पण वाकण्याची त्रिज्याही जाडीच्या प्रमाणात मोठी लागते. ४५ मिमी रुंद, ६ मिमी जाड कामटीला १५० मिमी अंतर ठेवा. थंड वळणाची त्रिज्या ६० सेंमीच्या खाली नेऊ नका. तीन मीटर व्यासाच्या घुमटाला ती सहज बसते.

मोठ्या जाळीत मोडण्याची भीती कमी, पिचकण्याची जास्त. वरून भार आला की पातळ कवच एका ठिकाणी आत दबतं. उपाय म्हणजे दुसरा थर: त्याच मार्गावरून दुसरी कामटी ओवायची आणि ओलांडणींवर बांधायची. आधी एकच थर पूर्ण उभा करा, आकार तपासा, मग दुसरा. दोन्ही थर एकदम विणायला गेलात तर चूक उसवता येत नाही.

हलक्या रचनेचा खरा शत्रू वारा आहे. तो ती ढकलतो त्याहून जास्त वर उचलतो. म्हणून जमिनीशी असलेली बांधणी खेचण्याच्या जोरासाठी हवी, नुसती टेकवलेली नको. खालचं कडं जाड ठेवा, त्यावरून भार प्रत्येक खुंटावर जाऊ द्या. बांबू मातीत पुरू नका. जमिनीपासून वीत-दीड वीत वर, दगडी किंवा काँक्रीटच्या पायावर ठेवा. वर छप्पर, खाली पाया. पावसापासून बांबू वाचवण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

आधाराला अख्ख्या नळ्या जोडणार असाल तर तीन गोष्टी. जोड गाठीच्या जवळ घ्या, पोकळ पेराच्या मध्ये घेतलेला जोड नळी चेचतो. थेट खिळा ठोकू नका, बांबू तंतूंच्या दिशेनं चटकन फाटतो; आधी भोक, मग बोल्ट, दोन्ही बाजूंना रुंद वॉशर. आणि ताज्या बांबूवर बांधलेली दोरी बांबू वाळल्यावर ढिली होते, तेव्हा महिन्याभरानं प्रत्येक बांधणी पुन्हा आवळा.

भाराची चाचणी वाळूच्या पिशव्यांनी करा, माणसं चढवून नको. अपेक्षित भार ठेवून आधी लगेच आणि मग २४ तासांनी रचना किती खाली दबली ते मोजा. बांबू सततच्या भाराखाली हळूहळू वाकत राहतो. पहिल्या मिनिटाचा आकडा पुरेसा नाही. ज्याखाली माणसं बसणार-वावरणार आहेत अशा रचनेसाठी अभियंत्याकडून हिशेब तपासून घ्या. अख्ख्या नळ्यांच्या बांधकामाला आयएसओ २२१५६ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे, पण विणलेल्या पट्ट्यांच्या कवचाला त्यातले आकडे जसेच्या तसे लावू नका. तुमच्याच पट्ट्यांचे नमुने वाकवून, ओढून मिळालेले आकडे त्या अभियंत्याच्या हातात द्या.

## १०. लेप आणि देखभाल

लेप लावण्याआधी वस्तू पुन्हा पूर्ण वाळू द्या. ओल आत कोंडली की पट्ट्यांच्या ओलांडणींत काळे डाग पडतात. सालीचा चकचकीत थर रंग किंवा लेप धरत नाही. रंगवायचं असेल तर विणण्याआधीच, मापाला आणताना, साल हलकी खरवडून घ्या. रंगवायचं नसेल तर ती राहू द्या आणि वरून जवसाच्या उकळलेल्या तेलाचा पातळ हात पुरे. तेलाच्या चिंध्या चुरगळून टाकू नका, त्या आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवा किंवा उघड्यावर पसरून वाळवा.

पहिले सहा महिने दर महिन्याला वस्तू पांढऱ्या कागदावर ठेवून हलकेच ठोका. कागदावर पिठासारखी बारीक पूड पडली तर भुंगेरा आत आहे. ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून दूर न्या, आणि त्याच जुडीतल्या उरलेल्या आठ पट्ट्याही तपासा.